जुना डिशवॉशर आणि नागपूरचे पाणी

डिशवॉशरच्या आत घासणारे असे काहीच नसते. ब्रश नाही, काथ्या नाही, भांडीही जागची हलत नाहीत. तळाशी घेतलेले तीन-चार लिटर पाणी तापवायचे, पंपाने उचलून फिरत्या पंख्यांच्या भोकांतून भांड्यांवर मारायचे, खाली गळून आलेले गाळायचे आणि तेच पुन्हा वर पाठवायचे, एवढेच हे यंत्र करते. उरलेले काम उष्णता आणि पावडरमधले अल्कली व विकरे करतात. त्यामुळे जुन्या डिशवॉशरच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी असते. ते कमी येते, जड असते, तापत नाही, मध्येच अडते किंवा वेळेवर बाहेर जात नाही. यंत्र दहा वर्षांचे झाले म्हटल्यावर दुरुस्तीवाला आधी इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे बोट दाखवतो. कार्डावर खर्च करण्याआधी पाण्याचा रस्ता नळापासून नालीपर्यंत क्रमाने तपासला, तर दोष बहुधा त्या वाटेवरच कुठेतरी सापडतो.

ही रचना तशी जुनीच आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन यांनी २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. ताटल्यांच्या मापाचे तारेचे कप्पे आणि त्यांवर दाबाने येणारे पाणी ही त्यातली मुख्य कल्पना, आणि आजचे यंत्रही तिच्यावरच चालते. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात ते यंत्र गाजले, पण गिऱ्हाईक मिळाले ते हॉटेलांचे. घरगुती वापर फार नंतरचा. जर्मनीच्या मीले कंपनीने युरोपातला पहिला विजेवरचा डिशवॉशर १९२९मध्ये काढला. भारतात हे यंत्र अनेक वर्षे मोजक्या घरांपुरतेच होते. मार्च २०२०च्या टाळेबंदीत कामवाल्या बायांचे येणे थांबले आणि एकाएकी त्याला मागणी आली.

नागपुरात आज जे जुने डिशवॉशर आहेत ते त्यामुळे ढोबळमानाने दोन पिढ्यांचे. एक, गोल नॉब फिरवायचे, यांत्रिक टायमरवर चालणारे किंवा साध्या दिव्यांचे. दुसरे, टाळेबंदीत घाईने घेतलेले आणि बाई परत आल्यावर डबे ठेवायच्या कामी आलेले. बंद पडलेले यंत्र आणि बंद ठेवलेले यंत्र यांची दुखणी वेगळी असतात, आणि दुसऱ्या प्रकारची नागपूरच्या हवेत जास्त.

तपासणीची सुरुवात पाणी येते का इथून करायची. बहुतेक घरगुती डिशवॉशरना किमान ०.३ ते ०.५ बार दाब आणि मिनिटाला सुमारे दहा लिटर पाणी लागते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब केवळ उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार असा हिशेब आहे. दुमजली घराच्या खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराला त्यामुळे अडचण येत नाही. फ्लॅट स्कीमच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र टाकीचे बूड आणि ओट्याखालचा नळ यांत जेमतेम तीन-चार मीटर अंतर असते. तिथला दाब ०.३ ते ०.४ बार, म्हणजे यंत्राच्या किमान गरजेच्या काठावर. टाकी अर्धी रिकामी असली की यंत्र पाण्याची वाट पाहत थांबते आणि काही मिनिटांनी दोष दाखवते. बॉश आणि सीमेन्सच्या यंत्रांत ई-१८ ही खूण याचीच. सकाळी चालणारे यंत्र दुपारी अडत असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी टाकी पाहावी.

शहानिशा करायला एक बादली पुरते. यंत्राचा इनलेट पाइप काढून तोच नळ बादलीत पूर्ण सोडायचा आणि मिनिटभरात किती पाणी जमते ते पाहायचे. चार-पाच लिटरच जमले, तर दोष यंत्राबाहेर आहे. अर्धवट उघडणारा कोनी नळ, दुमडलेला पाइप, एकाच फाट्यावर लावलेला आरओ, यांतले काहीतरी निघते. वरच्या मजल्यावर शेवटी छोटा प्रेशर पंप बसवणे हाच उपाय उरतो. बादली वेळेत भरली, तर पाइपच्या तोंडाशी बसवलेली बारीक जाळी काढून पाहावी. पाइपलाइनचे काम झाल्यावर किंवा गच्चीची टाकी धुतल्यानंतर ही जाळी गाळाने, गंजाच्या कणांनी गच्च बसते. पक्कडीने हलकेच ओढून, जुन्या टूथब्रशने घासून ती पुन्हा बसवता येते. ती न बसवताच यंत्र चालवले, तर तोच कचरा व्हॉल्व्हच्या पडद्यात अडकतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. यंत्र बंद असतानाही त्यात पाणी साठत जाण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

पाणी आले, पण कसे आले, हा पुढचा आणि नागपुरात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शहराला महापालिकेचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून येते. तोतलाडोह धरणाच्या खालच्या नवेगाव खैरी धरणातून ते निघते आणि शुद्ध होऊन शहरात पोचते. त्याच्या जोडीला कन्हान नदीचे पाणी आहे. हे दोन्ही पाणी नदीचे असल्याने तुलनेने बरे. बोअरच्या पाण्याचे तसे नाही. दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडची कड नागपूरपाशी संपते. शहराच्या पश्चिमेला तो काळा दगड आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाईस जातीचे खडक. या खडकांच्या भेगांत मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येते. बेसा, बेलतरोडीसारख्या शहराच्या कडेने वाढलेल्या ले-आउटांनी अनेक वर्षे बोअर आणि टँकरवर काढली. तिथे गिझरची कॉइल खराब का होते आणि नळाच्या तोट्या पांढऱ्या का पडतात, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असे आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. माणसाला ६०० चालते, यंत्राला नाही. ३०० मिलिग्रॅमचे पाणी धरले आणि एका धुण्याला १२ लिटर लागले, तर दर धुण्याला ३.६ ग्रॅम आणि रोज एकदा यंत्र चालवल्यास वर्षाला सव्वा किलोहून अधिक क्षार यंत्रातून जातात. सगळे आत बसत नाहीत, पण पाणी तापले की त्यातले काही विरघळलेले राहू शकत नाहीत आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे हीटरवर, थर धरतात. थर वाढला की हीटरची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, हीटर स्वतः जास्त तापतो आणि शेवटी जळतो. काचेच्या ग्लासांवरचा पांढुरका पडदा ही त्याआधीची सूचना असते.

पाण्याची ही प्रत पाहण्यासाठी आरओवाल्याचे टीडीएस मीटर पुढे केले जाते. ते फसवे आहे. टीडीएसमध्ये साधे मीठही मोजले जाते. कठीणता त्याचा एक भाग फक्त. बाजारात मिळणारी कागदी पट्टी जास्त खरे सांगते. तीही नसेल, तर बाटलीत पाणी आणि साध्या साबणाचा किस घालून हलवायचे. दाट फेस आला तर पाणी मऊ. वर दह्यासारखी साय धरून खाली पाणी गढूळ झाले तर जड. आरओचे वाया जाणारे पाणी वाचवून डिशवॉशरला देण्याची कल्पना मात्र मोडीत काढावी. त्या पाण्यात मूळच्या पाण्यातलेच क्षार अधिक घट्ट होऊन आलेले असतात.

या जडपणावरचा उपाय यंत्राच्या पोटातच असतो. बहुतेक युरोपीय घडणीच्या डिशवॉशरमध्ये तळाशी रेझिनच्या मण्यांचे एक पात्र असते. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या जागी सोडियम सोडतात. मणी भरले की त्यांच्यावरून खारे पाणी सोडून ते पुन्हा रिकामे केले जातात. त्यासाठी मीठ. म्हणजे मीठ भांडी धूत नाही, मणी धुते. ते संपले तरी यंत्र चालूच राहते आणि म्हणूनच जुन्या यंत्रात मिठाचे पात्र महिनोन्महिने रिकामे असल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. बोअरचे पाणी असेल, तर मीठ लवकर संपते. कठीणता किती आहे ते यंत्राला सांगावे लागते, आणि जुन्या यंत्रात ही मांडणी एकदा करून कुणीच पुन्हा पाहिलेली नसते. घर बदलून महापालिकेच्या पाण्यावरून बोअरवर आल्यावर ती वाढवायला हवी.

मीठ कोणते, यावरून बराच घोळ होतो. डबीतले बारीक आयोडिनयुक्त मीठ घट्ट गोळा होते आणि त्यात मीठ मोकळे राहण्यासाठी घातलेले पदार्थ मण्यांत अडकतात. स्वस्तातले खडे मीठ त्याहून वाईट, कारण त्यात माती आणि ज्यांच्याविरुद्ध लढायचे तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम असते. डिशवॉशरचे म्हणून मिळणारे शुद्ध दाणेदार मीठच घालावे. भरताना सांडलेले मीठ ओल्या फडक्याने पुसून लगेच एक धुणे लावावे. मिठाचे पाणी स्टीलवर रात्रभर राहिले, तर चांगल्या प्रतीच्या स्टीललाही गंजाचे ठिपके येतात. मिठाचे झाकण तिरपे बसले, तर खारे पाणी धुण्यात उतरते आणि सगळ्या भांड्यांना पांढरी बुकटी धरते. झाकण उघडून, रबर पुसून, नीट आवळले की बहुतेक वेळा ही तक्रार मिटते.

एकदा बसलेला थर काढायला किराणा दुकानातले लिंबूसत्त, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरेसे आहे. यंत्र रिकामे ठेवून, पावडर न घालता, शंभरएक ग्रॅम तळाशी टाकून सर्वांत गरम कार्यक्रम लावायचा. बोअरच्या पाण्यावरच्या यंत्राला हे दोन-तीन महिन्यांनी लागते. संडासासाठीचे तीव्र ॲसिड यात कधीही टाकू नये. त्यातल्या क्लोराइडने स्टीलची टाकी खड्डे पडून खराब होते, आणि वाफ घरात पसरते ती वेगळीच.

पाणी आत आले, मऊ झाले, की ते तळाच्या खळग्यात जमते. तिथे गाळणी असते, बहुधा दोन किंवा तीन भागांची, फिरवून सुटणारी. परदेशी पुस्तिकांत ही आठवड्याला साफ करायला सांगितलेली असते. आपल्या स्वयंपाकाला ते पुरत नाही. भाताची शिते फुगून जाळीवर चिकट साका धरतात, कढीपत्त्याची पाने आडवी बसतात, आणि मोहरी जाळीतून नाही पण तिच्या बाजूच्या फटीतून निसटते. निसटलेली मोहरी पंपाने उचलली की पंख्याच्या भोकात जाऊन बसते. भोक आणि मोहरीचा दाणा यांचे माप दुर्दैवाने जवळजवळ सारखे आहे. पंखा काढून उन्हासमोर धरला, तर कोणत्या भोकातून उजेड येत नाही ते लगेच दिसते. टाचणीने किंवा बारीक तारेने दाणा आत न ढकलता बाहेर ओढावा, मग पंख्याच्या मधल्या तोंडातून पाणी सोडून तो खळखळून घ्यावा. वरच्या ट्रेतली भांडी खरकटी आणि खालची स्वच्छ निघत असतील, तर आधी वरच्या पंख्याची भोके पाहावीत, मग वरच्या ट्रेच्या मागचा पाइप जागेवर बसतो का ते.

धुणे लावण्याआधी दोन्ही पंखे हाताने एकेकदा फिरवून पाहण्याची सवय जुन्या यंत्राला फार उपयोगी पडते. उभा राहिलेला झारा किंवा सांडशीचा दांडा पंख्याला अडला की त्या बाजूची सगळी भांडी तशीच राहतात, आणि मग यंत्र बिघडले असे ठरते. पंखा मोकळा असूनही फिरत नसेल, पंपाचा आवाज मात्र येत असेल, तर पाणी कमी पडते आहे किंवा फेस झाला आहे. फेसाने पंपाला पाण्याऐवजी हवा मिळते. ओट्यावरचा भांडी घासायचा साबण किंवा द्रव चुकून कप्प्यात घातला, की हे हमखास होते आणि फेस दारातून बाहेर येतो. तेव्हा यंत्र थांबवून मूठभर मीठ तळाशी टाकावे, फेस बसला की पाणी काढून टाकण्याचा कार्यक्रम लावावा आणि भांडी काढून दोनदा साधे पाणी फिरवावे.

पाणी तापत नाही ही तक्रार ओळखायची साधी रीत म्हणजे धुणे संपल्यावर लगेच दार उघडणे. वाफ आणि गरम भांडी असतील, तर हीटर ठीक. भांडी कोमट आणि ओली, पावडर कप्प्यात अर्धी तशीच, असे असेल तर हीटर किंवा त्याचा थर्मोस्टॅट संशयित. जुन्या नॉबवाल्या यंत्रांत आणखी एक खूण मिळते. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचेपर्यंत टायमर पुढे सरकत नाही अशी त्यांची रचना असते. हीटर गेला की नॉब एकाच जागी तासन्‌तास उभा राहतो. याच कारणाने एकच कार्यक्रम नागपुरात मे महिन्यात लवकर आटपतो आणि डिसेंबरमध्ये रेंगाळतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी ४० अंशांच्या आसपास असते. थंडीत पहाटे तेच १५ अंशांवर येते. चार लिटर पाणी ६५ अंशांवर न्यायला पहिल्या वेळी ०.१२ आणि दुसऱ्या वेळी ०.२३ युनिट लागते. ही मोजणी फक्त पाण्याची झाली. भांडी आणि टाकी तापवायची वेगळी. हिवाळ्यात यंत्र मंद झाले म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावण्याचे त्यामुळे कारण नाही.

मल्टिमीटर हाताशी असलेल्याला हीटर तपासणे अवघड नाही, फक्त प्लग काढून ठेवलेला हवा. २,००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे २६ ओम दाखवतो. अनंत रोध दाखवला तर तार तुटलेली आहे. हीटरचे टोक आणि त्याचे धातूचे अंग यांच्यात काहीही वहन दिसले, तर हीटर आतून फुटला आहे, आणि यंत्र लावताच घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडण्याचे कारण तेच. ईएलसीबी पुन्हा पुन्हा वर करून किंवा अर्थिंग काढून टाकून असे यंत्र चालवणे जिवावर बेतू शकते. डिशवॉशरला १६ अँपिअरचा, अर्थिंग तपासलेला स्वतंत्र प्लग लागतो. फ्रिजच्या एक्स्टेंशनवर तो लावलेला अनेक घरांत दिसतो. काळा पडलेला प्लग आणि वितळलेले सॉकेट ही त्याची फळे.

पावडरकडे येताना जुन्या यंत्रांची एक विशेष अडचण लक्षात घ्यावी. पूर्वीच्या पावडरींत फॉस्फेट भरपूर असे. पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवण्याचे काम तेच करी. नद्या-तलावांत शेवाळ वाढते म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७पासून घरगुती डिशवॉशर पावडरींतले फॉस्फेट जवळजवळ संपवले, आणि बहुतेक कंपन्यांची सूत्रे बदलली. त्या काळासाठी बनलेले, मीठ न घालताही निभावून नेणारे यंत्र आताच्या पावडरीवर ग्लासांना धुरकट करू लागले, तर यंत्र म्हातारे झाले असे नव्हे. मीठ आणि रिन्स एड नियमित ठेवले की बहुधा ते ताळ्यावर येते. रिन्स एड हे शेवटच्या पाण्यात थेंबांनी मिसळणारे द्रव पाण्याचा ताण कमी करते. पाणी थेंबाने न थांबता पातळ पडद्याने ओघळते आणि मागे डाग उरत नाही. पावडरीतली विकरे ओल्या हवेत मरतात. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पाकिटातली पावडर गोळा झाली असेल, तर ती कप्प्यातून सुटतही नाही आणि शितांवर कामही करत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ती वर्षभर टिकते. धुणे झाल्यावर कप्पा बंदच राहिला असेल, तर बहुतेक वेळा समोर उभे ताट त्याच्या झाकणाला टेकलेले असते.

आता भांडी. जुन्या यंत्रांचे ट्रे युरोपातल्या सपाट ताटल्यांसाठी बनलेले, आणि त्यांत ठेवायची असतात काठाची ताटे, खोल गंज आणि डझनभर वाट्या. एकात एक बसलेल्या वाट्यांमधल्या आतल्या वाटीला पाणी शिवतही नाही. प्रत्येक वाटी तिरपी, तोंड खाली आणि एकमेकींना न टेकता ठेवली, तर कमी मावतात, पण धुतल्या जातात. गंज आणि कढई खालच्या ट्रेमध्ये पूर्ण पालथे ठेवावेत. खोलगट पाठीवर पाणी साचते, ते शेवटी फडक्याने टिपावेच लागते; त्याचा दोष यंत्राला देण्यात अर्थ नाही.

भांडी आधी धुऊन मग यंत्रात घालणे ही दुप्पट मेहनत आणि दुप्पट पाणी आहे. खरकटे निपटून काढणे मात्र हवेच. सावजी रश्शाच्या पातेल्यात तळाशी राहिलेली लाल तर्री तशीच आत गेली, तर चार लिटर पाण्याला ती पेलवत नाही. ती सगळ्या भांड्यांवर, दाराच्या रबरावर आणि खळग्याच्या कडेला पातळ थराने पसरते. ती आधी कागदाने पुसून घ्यावी. जवसाच्या तेलाचे प्रकरण याहून चिवट. विदर्भात जुन्या पिढीच्या स्वयंपाकात असलेले हे तेल हवेत आणि उष्णतेत सुकून वार्निशासारखा पक्का पापुद्रा धरते. तव्यावर किंवा कढईच्या काठावर तो तपकिरी थर आला, की डिशवॉशरचे ७० अंशांचे पाणीही त्याला हलवत नाही. तिथे हाताने घासण्याला पर्याय नाही.

हळदीचे वर्तन तर पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकच्या डब्याला किंवा कुकरच्या पांढऱ्या गास्केटला लागलेली पिवळी हळद यंत्रातून निघते ती नारिंगी-तांबडी होऊन. पावडर अल्कलीधर्मी असते, आणि हळदीतला कर्क्युमिन अल्कलीत लाल होतो. कुंकू याच गुणावर बनवतात. डब्याचा डाग पुन्हा धुऊन जात नाही, पण उन्हात जातो. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात एक-दोन दिवस डबा उघडा ठेवला, तर डाग बराचसा फिका पडतो.

काही भांडी यंत्रात घालूच नयेत. ॲल्युमिनियमचा कुकर आणि हिंडालियमची कढई अल्कलीने काळवंडतात आणि मग हाताला काळे लागते. ते विष नव्हे, पण भांडे पुन्हा पूर्ववत होत नाही. पितळ आणि तांबे तेज गमावतात, कलई झिजते. भाकरीच्या लोखंडी तव्याची वर्षानुवर्षांची तेलकट चिकणाई एका धुण्यात जाते आणि तवा गंजतो. लाकडी पोळपाट-लाटणे तडकते. मिक्सरच्या भांड्याखालच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते. स्टीलच्या कुकरचे भांडे चालते. झाकणाची शिटी आणि गास्केट काढून वेगळे ठेवावे, आणि नंतर शिटीच्या भोकातून फुंकून ते मोकळे आहे याची खात्री करावी.

पाणी बाहेर जात नसेल, तर खळग्यातली गाळणी काढून तळाचे छोटे झाकण उचलावे. त्याखाली पाणी काढणाऱ्या पंपाचे पाते असते. काचेचा तुकडा, टूथपिक, कोथिंबिरीची काडी, शहाळ्याची स्ट्रॉ, असे काहीही त्यात अडकते. हात घालताना काचेचा अंदाज घ्यावा. आधी पाणी स्पंजने टिपून घ्यावे आणि लांब चिमटा वापरावा. बॉश व सीमेन्सच्या यंत्रांत ई-२४ ही खूण पाणी न गेल्याची. पाते मोकळे असेल, तर ड्रेन पाइप पाहावा. त्याचा वळसा जमिनीपासून ४० सेंटिमीटरच्या वर न नेता थेट नालीत सोडला असेल, तर यंत्र पाणी भरतानाच ते आपोआप वाहून जाते. तसाच वळसा न देता सिंकच्या पाइपला जोडला असेल, तर सिंकचा साचलेला कचरा उलटा यंत्रात येतो आणि वास सुटतो.

ओट्याखालच्या पाइपला उंदीर ही नागपूरच्या जुन्या घरांत नेहमीचीच बाब. रबरी ड्रेन पाइप ते कुरतडतात, आणि गळती यंत्राची वाटते. यंत्राच्या तळाला एक उथळ ताट आणि त्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा असतो. ताटात थोडे पाणी जमताच तो तुकडा वर येतो, स्विच दाबला जातो आणि यंत्र पाणी घेणे थांबवून सतत उपसत राहते. बॉश व सीमेन्सच्या यंत्रांत ई-१५ ही खूण त्याची. यंत्र मागे तिरपे करून ताटातले पाणी काढले की ते पुन्हा चालू लागते, आणि इंटरनेटवरचे अनेक व्हिडिओ इथेच थांबतात. पाणी आले कुठून हे शोधले नाही, तर चार धुण्यांत तीच खूण परत येते. पहिली तपासणी दाराच्या खालच्या रबराची. त्यावर तर्रीचा थर बसून ते कडक झालेले असते. गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने ते आतून-बाहेरून पुसले तरी बऱ्याच गळत्या थांबतात. झुरळे आणि पाली दारातल्या कार्डाच्या उबेला येऊन बसतात, त्यामुळे सुट्ट्यांनंतर यंत्र अचानक मुके झाले, तर दाराचे आवरण काढून आत पाहण्यात हरकत नाही, प्लग काढून.

बंद ठेवलेल्या यंत्राचे दुखणे याहून वेगळे. नागपूरचा उन्हाळा कोरडा. महिनोन्महिने न वापरलेल्या यंत्रातले तळचे पाणी उडून जाते, क्षार आणि खरकटे घट्ट होतात, आणि पंपाच्या दांड्यावरचे सील कोरडे पडून चिकटते. असे यंत्र लावले, की मोटर गुणगुणते पण फिरत नाही. लगेच नवी मोटर मागवू नये. तळाशी दोन लिटर कोमट पाणी आणि थोडे लिंबूसत्त टाकून रात्रभर ठेवावे, मग जिथे पंपाचे पाते हाताला लागते तिथे ते हळूच फिरवून पाहावे. बहुतेक वेळा ते सुटते. ज्यांना यंत्र वर्षातून काही महिनेच लागते, त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा ते रिकामे फिरवावे. आठवडा-दोन आठवडे घर बंद राहणार असेल, तर नळ बंद करून दार बोटभर उघडे ठेवावे.

जुने यंत्र किती काळ ओढायचे, याचे उत्तर त्याच्या वयात नाही. नॉबवाल्या यंत्राचा टायमर, व्हॉल्व्ह, पाणी काढणारा पंप हे सुटे भाग अजून मिळतात, आणि साधा इलेक्ट्रिशियनही त्याचा नकाशा वाचू शकतो. नव्यातल्या कार्डाबद्दल तसे म्हणता येत नाही. त्या दृष्टीने पंधरा वर्षांचे यंत्र सहा वर्षांच्या यंत्रापेक्षा दुरुस्तीला सोपे निघते. आतली स्टीलची टाकी गंजून छिद्र पडली, किंवा पंप बसतो तो तळाचा प्लॅस्टिक खळगाच तडकला, तर मात्र खर्च करू नये. असे यंत्र भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्राला द्यावे. ते हलवण्याआधी मिठाच्या पात्रातले खारे पाणी स्पंजने किंवा नळीने उपसून काढावे, कारण टेम्पोत आडवे पडलेल्या यंत्रातून ते पाणी तारांवर आणि मोटरवर उतरते, आणि मग त्यातले जे भाग दुसऱ्या यंत्राला कामी आले असते तेही जातात.